नव्या वेबसाइटची पारख कशी करावी ?
– ऊस विकास अधिकारी



या सदरात मी एरवी बेणे, खत, पाणी, हुमणी यांविषयी लिहीत असतो. या खेपेस विषय जरा वेगळा आहे. आपल्या कारखान्याची वेबसाइट नव्याने करावयाचे ठरले असून तिचे दोन नमुने अभिप्रायासाठी शेतकी खात्याकडे आले आहेत. वेबसाइटचा आणि शेतकी खात्याचा काय संबंध, असे काहींच्या मनात येईल. परंतु लागणीची नोंद, काटापावती, पंधरवडा बिल, सभासद साखरेची तारीख हे सर्व आता बहुतेक सभासद मोबाईलवरच पाहतात. तेव्हा ते नीट दिसते की नाही, हे पाहणे बेणे तपासण्याइतकेच आमच्या कामात मोडते.

आणखी एक कारण आहे, तेही सांगून टाकतो. तीन हंगामांपूर्वी वेबसाइट अशीच बदलली गेली होती. जुनी दिसायला अगदी भिकार होती. करडा पडदा, ठळक अक्षरे, मध्यभागी एक चौकोन. त्या चौकोनात सभासद कोड घातला की खाली लागणीची तारीख, क्षेत्र व जात येई. नवीन आली ती देखणी. वर चिमणीचे मोठे छायाचित्र, त्याखाली आपोआप सरकणारी चित्रे, हिरवा सुंदर रंग. बैठकीत भिंतीवर ती दाखविली तेव्हा सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

त्या वर्षी एका सभासदाच्या जुलैमधील आडसाली लागणीची नोंद आमच्याकडून चुकून ऑक्टोबरची पडली. चूक आमचीच. अशा चुका सापडाव्यात म्हणूनच नोंद वेबसाइटवर टाकून हरकतीसाठी मुदत दिलेली असते. त्या गृहस्थांनी दोन-तीनदा मोबाईल उघडला, पण नोंद त्यांना सापडलीच नाही. ती कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांत, मग 'सेवा' मध्ये, मग 'सभासद माहिती' मध्ये गेली होती. असेल बरोबर, असे समजून ते गप्प राहिले. पाळी थेट मार्चमध्ये लागली. तोवर उसाला तुरा येऊन गेलेला, कांडी आतून पोकळ पडू लागलेली. वजनात किती घट आली, हे येथे लिहीत नाही. काट्यावर ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती नजर लक्षात आहे. जुन्या भिकार पडद्यावर ही चूक त्यांना बसल्या जागी दिसली असती.

मग आम्ही सर्वांनी मान का डोलावली? हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळत होता. त्याचे उत्तर काही अंशी जपानमधील एका प्रयोगात सापडते. १९९५ साली हिताची कंपनीच्या डिझाइन विभागातील कुरोसू आणि काशिमुरा या दोघांनी बँकेच्या एटीएमच्या पडद्यावरील बटणांची मांडणी २६ प्रकारे केली व ती २५२ लोकांना दाखविली. प्रत्येकाने दोन गोष्टींना गुण द्यावयाचे होते : मांडणी किती सुंदर आहे, आणि वापरायला किती सोपी वाटते. मौज अशी की, जी मांडणी सुंदर वाटली तीच लोकांना सोपीही वाटली. बटणे खरोखर सोयीच्या जागी आहेत की नाहीत, याचा त्या मतावर तितकासा परिणाम दिसला नाही. इस्रायलमधील नोआम ट्रॅक्टिन्स्की यांना वाटले, जपानी माणूस मुळातच सौंदर्याचा भोक्ता, आमच्याकडे असे होणार नाही. त्यांनी १९९७ साली तोच प्रयोग आपल्या देशात केला. तेथे तर सौंदर्य आणि सोपेपणा यांची सांगड आणखीनच घट्ट निघाली !

पुढे २००६ साली कॅनडातील गिते लिंडगार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, वेबसाइटचे पान देखणे की ओंगळ हे माणसाचा डोळा सेकंदाच्या विसाव्या भागात ठरवून मोकळा होतो. म्हणजे एक अक्षर वाचण्याच्या आत. तेव्हा बैठकीत भिंतीवर चित्र दाखवून "कसे वाटते?" असे विचारले, तर उत्तर डोळ्याचे येते. हाताला कोणी विचारीतच नाही. उसाचेच पाहा ना. रस्त्यावरून रान हिरवेगार, उंच दिसले म्हणून त्याचा साखर उतारा कोणी सांगत नाही. आत शिरून बुडख्याचा आणि शेंड्याचा रस काढून ब्रिक्स पाहावा लागतो, तेव्हा पक्वता कळते.

इंग्लंडमधील मार्क्स अँड स्पेन्सर या मोठ्या दुकानदार कंपनीचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. त्यांनी सुमारे १५ कोटी पौंड खर्चून फेब्रुवारी २०१४ मध्ये नवी वेबसाइट सुरू केली. एखाद्या मासिकासारखी मोठमोठी छायाचित्रे तिच्यावर होती. पण जुन्या सुमारे ६० लाख ग्राहकांना पुन्हा नव्याने नाव नोंदवावे लागणार होते. जूनअखेर संपलेल्या तिमाहीत वेबसाइटवरील विक्री ८.१ टक्क्यांनी घसरली. लोकांना नव्याची सवय व्हायची आहे, असे कंपनीने सांगितले. त्यात तथ्य नाही असे नाही. कोणत्याही बदलाला पहिले काही दिवस कुरकुर होतेच. घराची चूल हलवली तरी होते. म्हणून नुसत्या कुरकुरीवरून नवीन वाईट असे ठरवू नये. मात्र कुरकुर करीत का होईना, माणूस कामापर्यंत पोचतो की वाटेत अडतो, हे पाहावे.

याच्या उलट उदाहरणही इंग्लंडचेच. १७ ऑक्टोबर २०१२ रोजी ब्रिटिश सरकारने जुनी दोन संकेतस्थळे बंद करून 'गव्ह डॉट यूके' सुरू केले. पांढऱ्या पानावर काळी अक्षरे, चित्रे जवळजवळ नाहीतच. ब्रिटनमधील पुढची सार्वजनिक सुट्टी कधी, हे पाहायला गेले की सर्वात वर मोठ्या अक्षरांत तारीख, बाकी यादी तिच्याखाली. साहेबाचा संदेश नाही, खात्याचा इतिहास नाही. अक्षराचे वळणही जॉक किनेअर व मार्गारेट काल्व्हर्ट यांनी रस्त्यावरील पाट्यांसाठी केलेल्या अक्षरांवरून घेतलेले, म्हणजे धावत्या गाडीतून वाचता यावे म्हणून घडविलेले. २०१३ साली लंडनच्या डिझाइन म्युझियमने वर्षातील सर्वोत्तम डिझाइनचा पुरस्कार याच वेबसाइटला दिला. स्पर्धेत 'शार्ड' ही लंडनची गगनचुंबी इमारत होती, ऑलिंपिकची ज्योत पेटविलेले पात्रही होते. त्यांना मागे सारून अशा साध्या पानाचा नंबर लागला.

देखणेपणा निरुपयोगी आहे, असे मात्र कोणी समजू नये. आमची ती जुनी करडी वेबसाइट पाहून एका तरुण सभासदाने मला फोन करून विचारले होते, "साहेब, ही आपलीच हाय का कुणी बनावट केलीय?" पैशाचा व्यवहार जेथे दिसतो ते पान टापटीप असले तर विश्वास बसतो. दोन ओळींत पुरेसे अंतर, एका पानावर दोन-तीनच रंग आणि महत्त्वाचे ते मोठे, एवढ्यानेही पान चांगले दिसते आणि वाचायलाही सोपे जाते.

आता दोन नमुन्यांची पारख आम्ही कशी केली ते सांगतो. डेन्मार्कचे याकोब नील्सन हे या विषयातले जाणकार. त्यांनी २००० साली लिहिले की, पाच माणसांना काम करायला लावून बघितले तरी सुमारे ८५ टक्के दोष सापडतात. एकदम शंभर माणसे जमविण्यापेक्षा पाच-पाच जणांवर पुन्हा पुन्हा तपासावे. त्यानुसार गट ऑफिसात पाच सभासदांना बोलावले. त्यांत सत्तरीचे एक तात्या, दोन मध्यमवयीन, एक भगिनी आणि एक कॉलेजचा मुलगा. प्रत्येकाच्या हातात त्याचाच मोबाईल. 'नमुना आवडला का?' हे विचारायचेच नाही, असे ठरविले. फक्त कामे दिली. लागणीची तारीख काढा. शेवटच्या खेपेचे वजन सांगा. बिल बँकेत गेले का पाहा. गट ऑफिसचा फोन शोधा. आणि आम्ही तोंडाला कुलूप लावून बसायचे. हे कुलूप फार अवघड गेले, कारण माणूस अडला की बोट दाखवावेसे वाटते.

पहिल्या नमुन्यावर तात्या बराच वेळ पडदा वरखाली करीत राहिले. शेवटी म्हणाले, "चित्र लई झ्याक हाय साहेब, पण माझा ऊस कुठं हाय ह्यात?" भगिनी सभासदांनी कोपऱ्यातल्या तीन रेघांकडे बघून विचारले, "ह्या तीन सऱ्या कशाच्या?" त्या रेघा दाबायच्या असतात, हे कॉलेजच्या मुलाखेरीज कोणालाच सुचले नाही. 'माय डॅशबोर्ड' हा शब्द पाचही जणांनी वाचला आणि सोडून दिला. दुसऱ्या नमुन्यात 'माझी ऊस नोंद' असे लिहिलेले होते. तेथे तात्यांनी चष्मा पुसून लगेच बोट ठेवले.

नंतर सर्वांना बाहेर उन्हात नेले. हा प्रकार शहरातल्या कंपनीला सुचला नव्हता. सभासद मोबाईल बघतो तो बांधावर, काट्यापाशी, दुपारच्या बाराला. फिकट हिरव्यावर पांढरी अक्षरे तेथे पार नाहीशी होतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडात किमान साडेचारास एक इतका फरक असावा, असा आंतरराष्ट्रीय दंडकच आहे. बटणाचेही तसेच. अंगठ्याने दाबायचे बटण साधारण ९ मिलिमीटरचे असावे, असे जाणकार सांगतात. खुरपे आणि विळा धरून ज्यांची बोटे जाड झालेली आहेत त्यांना त्याहून लहान बटण दाबताना शेजारचेच दाबले जाते. पहिल्या नमुन्यात 'बिल' आणि 'बाहेर पडा' ही बटणे चिकटून होती ! एकाचे बिल बघता बघता तीनदा सगळे बंद झाले.

दुसरा नमुनाही निर्दोष नाही. त्यातल्या वजनाच्या यादीत जुनी खेप वर आणि ताजी तळाला आहे. ऊस बिलातील कपाती एकत्र दाखविल्या आहेत, त्या वेगवेगळ्या दिसावयास हव्यात. दिसायलाही तो जरा रुक्ष आहे, हे मान्य केले पाहिजे. या सुधारणा कंपनीला कळविल्या असून सुधारलेला नमुना आला की पुन्हा पाच सभासदांवर तपासणी होईल.

ही दुसरी तपासणी प्रत्येक गट ऑफिसात घ्यावयाचा विचार आहे. भाग घेऊ इच्छिणाऱ्या सभासदांनी आपले नाव गट ऑफिसात द्यावे. मोबाईलची फारशी सवय नसलेल्यांनी अवश्य यावे, त्यांचीच आम्हाला अधिक गरज आहे. येताना स्वतःचा मोबाईल, चष्मा व सभासद कोड आणावा. दरम्यान, चालू वर्षाची लागण नोंद सर्वांनी सध्याच्या वेबसाइटवर तपासून घ्यावी. ती तीन आडव्या रेघा, 'सेवा', 'सभासद माहिती' या वाटेने सापडेल. न सापडल्यास गट ऑफिसात येऊन वहीत पाहावी, आणि तारखेत, क्षेत्रात किंवा जातीत फरक असेल तर लेखी कळवून पोच घ्यावी.