कोकणातील घटती लोकसंख्या व शेती

सन २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या दहा वर्षांत सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. तत्कालीन ठाणे जिल्ह्यात ही वाढ ३६ टक्के होती. याउलट रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गातही घट झाली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आढळल्या. कर्ते पुरुष रोजगारासाठी मुंबई-ठाण्याकडे गेल्याचेच हे द्योतक होय. परिणामी शेतीचा भार स्त्रियांवर पडतो, भातलावणीच्या ऐन हंगामात मजूर मिळत नाहीत व वरकस जमिनी पडीक राहतात. अशा गावांतील शेतकऱ्यांनी पॉवर टिलर सामुदायिकरीत्या वापरावा व वरकस जमिनीत काजूची लागवड करावी. मनुष्यबळ घटले तरी जमीन ओसाड पडू देणे हितावह नाही.