बाटलीवरचा दुसरा आकडा

ट्रॅक-डेच्या आधी पुण्यातल्या ज्या गॅरेजमध्ये आमच्या ओळखीच्यांच्या गाड्या तयार होतात, तिथे टायरवरून रात्री अकरापर्यंत वाद रंगतात, पॅडवरून त्याहून जास्त. ब्रेक ऑइलचा विषय मात्र एका वाक्यात संपतो. "मामा, रेसिंगचं एखादं चांगलं टाका." मामांनी "कुठलं?" म्हणून विचारलं, की समोरचा बाटल्यांवरचा सगळ्यात मोठा आकडा शोधतो आणि त्यावर बोट ठेवतो. ३२५ म्हणजे ३१२ पेक्षा चांगलं, हिशेब सरळ.

हा हिशेब मला पटत नाही. त्या मोठ्या आकड्याच्या शेजारी लहान टायपात आणखी एक आकडा छापलेला असतो, आणि ऑइल निवडायचं ते त्यावरून.

पहिला आकडा कोरड्या उत्कलनबिंदूचा, म्हणजे सीलबंद बाटलीतलं ताजं ऑइल किती अंशांना उकळेल त्याचा. दुसरा ओल्याचा. हे ऑइल ग्लायकॉल इथरपासून बनतं आणि त्याला पाण्याची ओढ असते. टाकीच्या झाकणातून, रबरी होजच्या भिंतींतून हवेतला ओलावा आत झिरपत राहतो, गाडी घरासमोर नुसती उभी असली तरी. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या मानकात, म्हणजे आपण ज्याला 'डॉट' म्हणतो त्यात, साधारण ३.७ टक्के पाणी शोषलेल्या ऑइलचा उत्कलनबिंदूही तपासतात. डॉट ४ ला कोरड्या स्थितीत किमान २३० अंश सेल्सिअस लागतात, ओल्या स्थितीत फक्त १५५. एवढ्याशा पाण्यानं पंचाहत्तर अंश गळतात. पुण्याचा एक पावसाळा रस्त्यावर काढलेल्या गाडीत बाटलीवरचं कोरडं ऑइल उरलेलं नसतं, ते दुसऱ्या आकड्याकडे सरकलेलं असतं.

आता ट्रॅकवर काय होतं ते पाहा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला १९९० सालापासून चालणारा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे. महाराष्ट्रातले बरेच हौशी चालक तिथे जातात. समजा, चालकासकट अकराशे किलोची हॅचबॅक तिथे ताशी १६० वरून ७० वर आणली. एवढ्या एका ब्रेकिंगमध्ये जवळपास नऊ लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. घरच्या नळाचं पावणेतीन लिटर पाणी तेवढ्यात उकळीला येईल. तीही चार-पाच सेकंदांत, आणि पुढच्या वळणाला पुन्हा तेच. घाटात उतरताना ब्रेक तापतात खरे, पण ट्रॅकवर त्यांना थंड व्हायला मधे उसंतच मिळत नाही. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर तर तिसऱ्या आणि चौथ्या वळणांमध्ये किलोमीटरभराहून लांब सरळ पट्टा आहे. त्याच्या टोकाला येईपर्यंत साध्या गाडीचाही वेग इतका वाढलेला असतो, की एकाच ब्रेकिंगमध्ये डिस्कची परीक्षा होते.

ही उष्णता डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडच्या पत्र्यातून पिस्टनमध्ये आणि पिस्टनमधून त्याच्या मागच्या ऑइलमध्ये उतरते. कॅलिपरमध्ये असं कितीसं ऑइल असतं? काही चमचे. म्हणूनच पॅड झिजून पातळ झाला की धोका वाढतो, कारण मधला अडसर कमी होतो. अर्धा झिजलेला पॅड "अजून एक दिवस चालेल" म्हणून ट्रॅकवर नेणाऱ्यांना मी हेच सांगत असतो.

ऑइल नेमकं कधी उकळतं, हे समजून घेण्यासारखं आहे. पेडल दाबलेलं असताना नळ्यांमध्ये प्रचंड दाब असतो आणि त्या दाबाखाली ऑइल उकळत नाही. पाय उचलला की दाब एकदम ओसरतो आणि बुडबुडे तेव्हा धरतात. त्यामुळे या वळणाला गाडी व्यवस्थित थांबते. फसगत पुढच्या वळणाला होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल मऊ पडतं आणि थेट तळाला टेकतं. चेन्नईला माझ्यासमोर एका तरुणाची हॅचबॅक अशी सरळ पट्ट्याच्या शेवटी वळणाबाहेरच्या मोकळ्या जागेत गेली. गाडीला आणि त्याला काही झालं नाही, पण पिटमध्ये येऊन तो एकच वाक्य बोलत होता: "आधीच्या वळणाला तर ब्रेक एकदम मस्त होता." बरोबरच होतं त्याचं. पॅड तापून पकड सोडतात तेव्हा पेडल घट्टच लागतं, फक्त गाडी थांबत नाही. पेडल खाली गेलं तर ऑइल उकळलं आहे. अशा वेळी पेडल पटपट दोन-तीनदा मारून थोडा दाब जमवता येतो. तेवढ्यावर पुढचा फेरा मात्र मारू नये.

आता बाटल्यांकडे वळू. मोतुलचं आरबीएफ ६०० कोरडं ३१२ अंशांचं, आरबीएफ ६६० कोरडं ३२५ चं. ६६० महाग मिळतं आणि लोक ते अभिमानानं घेतात. दुसरा आकडा वाचला तर दोन्हींचा २०५ च्या आसपासच आहे. म्हणजे जास्तीचे पैसे तेरा अंशांसाठी, आणि ते तेरा अंशही ऑइल ताजं आहे तोवरच. दर ट्रॅक-डेला ऑइल बदलणाऱ्या रेसिंग टीमला त्यांचा उपयोग आहे. वर्षातून एकदा बदलणाऱ्याला अजिबात नाही. एटीईचं टाइप २०० पहिल्या आकड्यात यांच्या मागे पडतं, २८० वर. दुसऱ्या आकड्यात मात्र १९८ वर येऊन ते जवळपास खांद्याला खांदा लावतं. मोठा नंबर दिसत नाही म्हणून त्याला नाक मुरडण्याचं कारण नाही.

वेगळं गणित आहे ते कॅस्ट्रॉल एसआरएफचं. कोरडं ३२० च्या आसपास, पण ओलं २७० च्या आसपास. पाणी शोषल्यावरही ते इतरांपेक्षा साठ अंशांहून अधिक तग धरतं. किंमत ऐकून मागे सरकणारे मी पाहिले आहेत. पण ज्याची रोजची गाडी तीच ट्रॅकची गाडी आहे, जो जूनपासून पावसात ऑफिसला जातो आणि डिसेंबरात ट्रॅकवर, त्याच्यासाठी मला ही किंमत रास्त वाटते. जो प्रत्येक वेळी आधी ऑइल बदलणारच आहे, त्यानं आरबीएफ ६०० च्या पातळीचं काहीही घ्यावं आणि उरलेले पैसे पॅडवर घालावेत.

दोन गैरसमज मात्र दुकानातच फिटले पाहिजेत. डॉट ५.१ चा नंबर मोठा म्हणून ते रेसिंगच्या डॉट ४ पेक्षा वरचढ, असं नसतं. डॉटचे आकडे किमान मर्यादेचे आहेत, ५.१ ची कोरडी मर्यादा २६०, आणि वर सांगितलेल्या सगळ्या बाटल्या तिच्या कितीतरी पुढे जातात. ५.१ ची खरी खासियत कडक थंडीतही पातळ राहण्याची, एबीएसच्या सोयीची. आणि डॉट ५, नुसतं पाच, हे सिलिकोनचं. ते पाणी शोषत नाही, पण हवा धरून ठेवतं, तापल्यावर थोडं दाबलं जातं, आणि आपल्या ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये चुकूनही मिसळायचं नाही.

ऑइल कितीही भारी असो, नळीत हवा राहिली तर सगळं फुकट. मामांचं हवा काढणं मी शेजारी बसून बघतो. क्रम गाडीच्या पुस्तकात दिला असेल तर तोच, नसेल तर सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं. निपलवर रिंग पाना, त्यावर पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडवलेलं. आत बसलेल्या पोराला हाक जाते.

"दाब."

"दाबलं, मामा."

"धरून ठेव." पाना पाव फेरा सुटतो, काळपट ऑइल नळीतून धावतं, त्यात बारीक बुडबुड्यांची माळ. पाना आवळला जातो. "सोड."

पाना आवळण्याआधी पोरानं पाय उचलला तर हवा उलटी आत ओढली जाते, म्हणून मामा "सोड" म्हणेपर्यंत तो हलत नाही. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवलेला असतो. जुन्या गाडीत मास्टर सिलिंडरच्या खालच्या, कधी न वापरलेल्या भागात गंज असू शकतो. पेडल तळापर्यंत मारलं की त्यावर घासून सील फाटतात. चार-पाच वेळा दाबून झालं की मामा उठून टाकी बघतात. ती रिकामी झाली तर पुन्हा पहिल्यापासून. काळपट रंग हळूहळू फिकट होत स्वच्छ पिवळसर होतो. त्यानंतरही मामा थोडं ऑइल वाहू देतात, कारण कॅलिपरच्या कोपऱ्यात जुनं ऑइल अडकून राहतं. पत्र्यावर थेंब उडाला की लगेच पाणी ओततात, नाहीतर रंग निघतो. हेच पाणी ऑइलात सहज मिसळतं, म्हणून इथे उपयोगी पडतं.

एवढं सगळं करूनही पेडल मऊ पडत असेल, तर आणखी महाग बाटली आणू नये. कॅलिपरवर उष्णतेनं कायमचा रंग बदलणाऱ्या पट्ट्या चिकटवाव्यात आणि दिवसभरात तो किती तापला ते वाचावं. दोनशेच्या वर जात असेल तर इलाज हवेचा आहे: डिस्कपर्यंत वारा नेणारी नळी, ट्रॅकच्या लायकीचे पॅड, मधे थंड करायला एक संथ फेरा. तो फेरा संपवून पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नये. उभ्या गाडीला वारा मिळत नाही, डिस्कची धग कॅलिपरमध्ये उतरत राहते आणि ऑइलचं तापमान थांबल्यानंतरही काही वेळ चढतं. गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकाला अडण लावावी.

बाटली विकत घेताना सील आणि उत्पादनाची तारीख तपासावी. लिटरची एक घेण्यापेक्षा अर्ध्या लिटरच्या दोन घ्याव्यात, म्हणजे दुसरी लागेपर्यंत बंद राहील. उघडलेल्या बाटलीत काही उरलंच तर बऱ्याच गाड्यांत क्लचही त्याच टाकीतून चालतो; त्याची हवा त्याच दिवशी काढून घ्यावी. झाकण घट्ट लावून पुढच्या ट्रॅक-डेसाठी कपाटात ठेवलेलं ऑइल मामा स्वतःच्या गाडीतही घालत नाहीत.