दाढ दुखायची थांबली, आणि घात झाला!

पैसे गेले, सुट्ट्या गेल्या आणि शेवटी दाढही गेली. मग चिडचिड होणारच. पण ‘एकच तर दाढ’ म्हणून सोडून देण्याआधी, ती नेमकी जाते कशी हे एकदा बघाच!

पाय मोडला की केवढं कौतुक होतं! प्लॅस्टरवर मित्र सह्या करतात, कुणी नोट्स आणून देतं, कुणी गाडीवरून कॉलेजला सोडतं. पण दाढ काढून आलात, गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा, तर समोरचा काय म्हणतो? ‘एकच तर दाढ! अजून एकतीस आहेत की!’

जोक म्हणून ठीक आहे. पण तुम्ही जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचे असाल, तर हसू येत नाही. संताप येतो. कारण ती दाढ काही त्या एका दिवसात गेलेली नसते. त्याआधी काही महिने तिने पार छळलेलं असतं. ऐन सबमिशनच्या रात्री ती ठणकलेली असते. क्लिनिकच्या चकरा झालेल्या असतात. इंजेक्शनं झालेली असतात. घरी हजारदा विचार करून मागितलेले किंवा पहिल्या नोकरीच्या पगारातून बाजूला काढलेले पैसे गेलेले असतात. आणि एवढं सगळं करून डॉक्टर एक दिवस शांतपणे सांगतात, ‘ही आता वाचत नाही. काढावी लागेल.’

डोक्यात एकच प्रश्न वाजत राहतो. शेवटी काढायचीच होती, तर एवढे पैसे घालवले कशाला?

प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर शेवटच्या दिवसात सापडत नाही, बरंच मागे जावं लागतं.

दुधाची नव्हे, कायमची!

तरुण वयात बहुतेकदा जी दाढ दगा देते, ती असते आपली पहिली मोठी दाढ. वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास ती येते. गंमत अशी, की ती कुठल्याही दुधाच्या दाताच्या जागी येत नाही. सगळ्यांत मागे, रिकाम्या जागेत, कुणाला पत्ता न लागू देता येते. तोंडात तेव्हा बाकीचे दात दुधाचे असतात, त्यामुळे घरच्यांना वाटतं हीसुद्धा दुधाचीच. ‘पडणारच आहे, किडली तर किडली!’ पण ती कायमची असते. तिच्या जागी दुसरी येणार नसते.

म्हणजे तुम्ही बावीस वर्षांचे झालात तेव्हा त्या दाढेची सोळा वर्षं नोकरी झालेली असते. चॉकलेटं, चिक्की, ऊस, कोल्ड्रिंक, होस्टेलवरचा रात्रीचा चहा-बिस्कीट, सगळं तिनेच सोसलेलं असतं. दाताचं वरचं वेष्टण, म्हणजे इनॅमल, हे आपल्या शरीरातलं सगळ्यांत कठीण द्रव्य. हाडापेक्षाही कठीण. पण हाड मोडलं तर जुळून येतं. इनॅमलला एकदा खड्डा पडला, की तो आपोआप भरून येत नाही.

आणि ‘घासत नव्हतास का रे?’ हा टोमणा तर हमखास मिळतो. पण नीट घासणाऱ्यांचीही दाढ किडते. गोड किती खाल्लं यापेक्षा ते दिवसातून किती वेळा खाल्लं, याला जास्त महत्त्व आहे. प्रत्येक गोड घोटानंतर तोंडातले जिवाणू ॲसिड तयार करतात आणि ते पुढे साधारण अर्धा तास आपलं काम करत राहतं. एक कोल्ड्रिंक दोन तास पुरवून पुरवून पीत बसलात, तर दातांना त्या दोन तासांत सुटकाच नाही!

दुखायचं थांबतं, तेव्हाच...

आता मुख्य मुद्दा. दाढ दुखते तेव्हा आपण काहीतरी करतो. पण दाढ जाते ती मधल्या काळात, जेव्हा ती दुखत नसते. बघा, तुमच्याही बाबतीत असंच झालंय का?

पहिल्यांदा गोळीने थांबतं. गार पाणी झिणझिणलं, गोड लागलं की कळ आली, मग लवंगेचा बोळा किंवा मेडिकलमधली गोळी. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं, त्याने दाढ थोडा वेळ बधिर होते. गोळीनेही तेवढंच होतं. कीड मात्र जिथल्या तिथे असते. या टप्प्यावर नुसतं साफ करून सिमेंट भरलं, तर बऱ्याचदा एका बैठकीत आणि कमी पैशांत विषय संपतो. पण आपण म्हणतो, ‘थांबलं ना? मग परीक्षा झाल्यावर बघू.’

दुसऱ्यांदा ते आपलं आपणच थांबतं. दोन-तीन रात्री जीव नकोसा होतो आणि मग अचानक एके सकाळी सगळं शांत. आपण खूश! प्रत्यक्षात तेव्हा आतली नस मेलेली असू शकते. नसच मेली, तर दुखणार कोण? कीड मात्र मुळातून खाली उतरून जबड्याच्या हाडापर्यंत पोचते. काही महिन्यांनी हिरडीवर पुळी येते, नाहीतर एक दिवस गाल सुजतो.

तिसऱ्यांदा रूट कॅनलच्या पहिल्या सिटिंगनंतर थांबतं. डॉक्टरांनी दाढ उघडून आतली घाण काढली, औषध ठेवलं, वर तात्पुरतं सिमेंट लावलं. दोन दिवसांत एकदम आराम! पुढची तारीख असते, पण त्याच दिवशी इंटर्नल असते, शिफ्ट असते, नाहीतर महिनाअखेर असते. ते तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांसाठीच असतं. ते झिजतं, निघतं आणि उघड्या दाढेत थुंकीबरोबर जंतू पुन्हा आत जातात. म्हणजे पहिल्या सिटिंगचे पैसे पाण्यात.

चौथ्यांदा रूट कॅनल पूर्ण झाल्यावर थांबतं. आता फक्त कॅप राहिलेली असते. ‘कॅपचे एवढे पैसे? दुखत तर नाहीये. पुढच्या महिन्यात बसवू.’ पण ती दाढ आता आतून पोखरलेली असते, तिच्या भिंती पातळ झालेल्या असतात. एक दिवस शेंगदाणा किंवा चकलीचा तुकडा आडवा येतो आणि दाढ उभी चिरते. चीर हिरडीच्या खाली मुळापर्यंत गेली, की ती दाढ सहसा वाचवता येत नाही. ‘काढावी लागेल’ हे वाक्य बऱ्याचदा या टप्प्यावरच ऐकू येतं.

चारही वेळा झालं एकच. दुखणं थांबलं आणि आपणही थांबलो.

मग चूक सगळी आपलीच?

अजिबात नाही! पेशंट मध्येच थांबतो, कारण बऱ्याचदा त्याला कुणी नीट सांगितलेलंच नसतं. आ वासून, लाइट डोळ्यांवर घेऊन खुर्चीत आडवं पडलेलं असताना माणूस काय विचारणार? ‘तीन सिटिंग लागतील’ एवढंच कळतं. कॅपचे पैसे वेगळे, हे रूट कॅनल संपल्यावर कळतं. एक्स-रे काढला जातो, पण तो आपल्याला दाखवून समजावला जातोच असं नाही. त्यामुळे आपण पैसे मोजतो, पण कशासाठी मोजतोय तेच माहीत नसतं. अशा वेळी दाढ गेली, तर फसवलं गेल्यासारखं वाटणं साहजिक आहे.

पण दुसरी बाजूही समजून घ्या. नीट केलेलं रूट कॅनलसुद्धा कधी कधी फसतं. दाढेला दोन-तीन मुळं असतात आणि त्यांत तीन-चार केसासारखे बारीक, वाकडे मार्ग असतात. एखादा मार्ग सापडला नाही, तर जंतू तिथे दडून राहतात. म्हणजे दाढ गेली याचा अर्थ डॉक्टरने लुटलं, असा दर वेळी होत नाही. अशा वेळी दाढ काढायच्या आधी ‘पुन्हा रूट कॅनल करून बघता येईल का?’ हा प्रश्न जरूर विचारा. फक्त या विषयात एमडीएस केलेले डॉक्टर असतात, त्यांना एंडोडॉन्टिस्ट म्हणतात. गळू नसेल, ताप नसेल, तर दाढ काढायच्या आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला दोन दिवस घेतले, म्हणून काही बिघडत नाही. काढलेली दाढ मात्र परत बसवता येत नाही.

आणि खरोखरच हलगर्जीपणा झाला असेल, तर दारं बंद नाहीत. राज्यात दंतवैद्यक परिषद आहे, तिथे तक्रार करता येते. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. त्यासाठी बिलं, एक्स-रे आणि प्रिस्क्रिप्शन जपून ठेवलेली हवीत. कॅशमध्ये पैसे देऊन नुसतं ‘थँक्यू’ म्हणून बाहेर पडू नका. पावती मागा.

पैसे नाहीत म्हणून दाढ काढायची?

हे अनेकांच्या बाबतीत होतं. दाढ काढणं स्वस्त, वाचवणं महाग. मेडिक्लेममध्येही दातांचा खर्च बहुधा अपघात झाला तरच मिळतो, किडीसाठी नाही. पण एक रस्ता आपण विसरतो, तो म्हणजे डेंटल कॉलेज. मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर डेंटल कॉलेज आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही सरकारी डेंटल कॉलेजं आहेत. गोव्यात बांबोळीला आहे. तुमच्याच वयाचे विद्यार्थी तिथे शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. रांग असते, चकरा जास्त होतात, एकेका सिटिंगला वेळ लागतो, हे खरं. पण खर्च खासगी क्लिनिकच्या मानाने बराच कमी येतो आणि प्रत्येक पायरी कुणीतरी वरिष्ठ तपासतं.

गेली ती गेली, पुढे काय?

समजा, गेलीच दाढ. तर पाचव्यांदाही दुखायचं थांबतं! जखम आठ-दहा दिवसांत वरून भरत येते, दुसऱ्या बाजूने चावायची सवय होते आणि आपण ती मोकळी जागा विसरून जातो. पण शेजारचे दात विसरत नाहीत. मागची दाढ हळूहळू त्या जागेत कलते. समोरच्या जबड्यातली दाढ आधार नाही म्हणून लांबू लागते. फटीत अन्न अडकतं आणि चांगल्या दातांना कीड लागते. रिकाम्या जागचं हाडही झिजत जातं.

म्हणून दोन-तीन महिन्यांत निर्णय घ्या. पर्याय मुख्यतः तीन. काढता-घालता येणारा दात, हा सगळ्यांत स्वस्त. ब्रिज, यात दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांच्या आधाराने मधला दात बसवतात. चांगले दात घासावे लागतात, हा त्याचा तोटा. आणि तिसरा इम्प्लांट, म्हणजे हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आलं आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या पेशंटला असे इम्प्लांट बसवले. शेजारच्या दातांना हात लागत नाही, पण खर्च मोठा आणि वेळही काही महिन्यांचा. आत्ता पैसे नसतील, तर निदान डॉक्टरांना सांगा, ‘नंतर करणार आहे, तोवर जागा टिकवायला काय करू?’

आणि हो, वाईट वाटतंय तर वाटू द्या. शरीराचा एक भाग गेलाय, तोही कायमचा. फोटोत तोंड मिटून हसावंसं वाटतं, जीभ सारखी त्या खड्ड्याकडे जाते. यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त त्या रागात ‘आता डेंटिस्टकडे पाऊलच टाकणार नाही’ अशी शपथ घेऊ नका. त्या शपथेपायी पुढची दाढ जाते.

डॉक्टरांना हे विचाराच!

– एक्स-रे मला दाखवून समजावता का? मुळाच्या टोकाशी काळा डाग आहे का? त्याची एक प्रत मिळेल का?
– ही दाढ वाचण्याची शक्यता किती?
– सिटिंग किती, आणि कॅपसकट एकूण खर्च किती? हप्त्याने देता येईल का?
– पुढची तारीख चुकली तर जास्तीत जास्त किती दिवस चालेल?
– काढली तर त्या जागी काय, आणि कधी?

दाढ काढल्यावर

– पहिले २४ तास जोरात चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका. जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी निघाली, तर तिथलं हाड उघडं पडतं आणि भयंकर ठणकतं.
– सिगारेट, तंबाखू बंद. जखम भरायला वेळ लागतो.
– सूज वाढत असेल, ताप येत असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जा. तोंड उघडत नसेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर सकाळची वाट बघू नका. सरळ हॉस्पिटल गाठा.