दातांची तार : दुखणं किती दिवसांचं?

मुलाच्या दातांना तार बसवली की दुसऱ्याच दिवशी घरात बोलणं सुरू होतं, “पोरगं भाकरी खाईना, काढून टाका ती तार.” आमचं सांगणं एवढंच, घाई करू नका. आधी हे दुखणं समजून घेऊ.

तार दातावर सतत हलका दाब देते. त्यामुळे मुळाभोवती थोडी सूज येते, एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं आणि दात सरकतो. तार बसवल्यावर काही तासांनी ठणका लागतो, साधारण दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि आठवडाभरात बहुतेक उतरतो. पुढे तार आवळली की पुन्हा दोन-तीन दिवस दुखतं.

धातूची तार मजबूत आणि स्वस्त, पण सुरुवातीला गाल-ओठ घासून तोंड येतं. दाताच्या रंगाची सिरॅमिकची तार कमी दिसते, दुखणं मात्र जवळपास तेवढंच. काढता-घालता येणारी प्लेट कमी दुखते, पण ती सगळ्याच वाकड्या दातांना चालत नाही. पारदर्शक अलाइनर पहिले काही दिवस कमी दुखतात, खर्च मात्र मोठा. कमी दुखेल म्हणून कर्ज काढू नका.

दुखेल त्या दिवसांत खिचडी, वरण-भात, वरणात कुस्करलेली भाकरी द्या. कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरायला लावा. टोचतं तिथे डॉक्टरांकडचं मेण लावा. पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून वयाप्रमाणेच द्या. ऊस, भाजलेलं कणीस, चिक्की, सुपारी नको. दुखतं म्हणून ब्रश बंद करू नका, नाहीतर दात किडतील.

आठवडा उलटूनही ठणका असेल, सूज किंवा ताप आला, तार सुटून टोचू लागली, तर लगेच दाखवा. घरी पकडीने तार ओढू नका.

आपल्या बीड जिल्ह्यातली अनेक घरं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मुलांच्या महिन्याच्या भेटी चुकतात. उपचार दीड-दोन वर्षांचे असतात. म्हणून तार बसवण्याआधीच डॉक्टरांना हे सांगा आणि तारखा ठरवून घ्या. मूल आजीजवळ राहणार असेल तर आजीलाही सगळं समजावून सांगा. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात वाकड्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. खासगीत पैसे भरण्याआधी तिथे चौकशी करा.

लेकराला आधीच सांगा, “दुखेल, पण चार दिवसांत उतरेल.” माहीत असलेलं दुखणं सोसायला सोपं जातं.