माघाकडून चैत्राकडे, सायकलीवरून

जळगाव आणि भुसावळ या दोन शहरांच्या दरम्यान, सुरतेहून नागपूरकडे जाणाऱ्या राजरस्त्यावर वसलेल्या नशिराबादेत सायकलस्वाराचे सुखदुःख पुष्कळसे दिशेवर अवलंबून असते. रस्ता येथे बहुतांशी पूर्व-पश्चिम धावतो. त्यामुळे जो मनुष्य सकाळी सायकलीवर टांग टाकून सुमारे १० किलोमीटरांवरील जळगावास कामावर जातो आणि सायंकाळी घरी परततो, त्याच्या पाठीशी दोन्ही वेळा सूर्य असतो. उलट भुसावळची वाट धरणाऱ्याला तोच सूर्य जाता-येता डोळ्यांवर घ्यावा लागतो.

पौष-माघात पाठीवरचे हे कोवळे ऊन म्हणजे मोठाच आधार, कारण त्या दिवसांत येथील पहाटेचे तापमान कधी कधी १० अंशांच्याही खाली उतरते, आणि वारा मुळीच नसला तरी ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारा सायकलस्वार स्वतःच वारा उत्पन्न करीत असतो. हँडलवरची बोटे प्रथम बधिर होतात, ती अंतरिंद्रियांची ऊब राखण्यासाठी शरीर हातापायांचा रक्तपुरवठा आखडता घेते म्हणून. भुसावळकडे जाताना वाघूर नदीच्या पुलावर गारठा एकाएकी वाढतो, त्याचेही कारण सरळ आहे: थंड हवा जड असल्याने रात्रभर सखल भागात उतरून तेथेच साचून राहते.

महाशिवरात्रीला थंडी शिवशिव म्हणत निघून जाते, अशी आपल्याकडची जुनी समजूत आहे, आणि खानदेशात ती फारशी खोटी ठरत नाही. शेतातली दादर ज्वारी कापणीला येते, हरभरा उपटला जातो, बांधावरचा पळस पेटतो. पहाटे अंगावर असलेला स्वेटर दुपारी कॅरिअरला अडकवावा लागतो, कारण कोरड्या हवेत दिवसाचे आणि रात्रीचे तापमान यांत १५ अंशांहून अधिक अंतर पडू लागते. वसंताचा मुक्काम येथे अत्यल्प असतो. फाल्गुन सरतो न सरतो तोच पारा ४० अंशांकडे झेपावतो.

या संक्रमणकाळात सायकल चालवणे खरोखर हलके होते. १० अंशांवरील हवेपेक्षा ४० अंशांवरील हवा सुमारे एक दशांशाने विरळ असते, म्हणून तिचा रोधही तितकाच कमी होतो. शिवाय सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधल्या तापीच्या खोऱ्यात दुपारनंतर पश्चिमेकडून वारा वाहू लागला, म्हणजे जळगावहून परतणाऱ्याला तो घरापर्यंत ढकलीत आणतो. परंतु याच सुखात धोका दडलेला असतो. घाम अंगावर दिसण्यापूर्वीच वाळतो, आणि अंगातले पाणी किती गेले याचा अंदाज तहान लागेपर्यंत येत नाही. तेव्हा निघण्यापूर्वी पाणी पिणे आणि डोक्याला उपरणे गुंडाळणे, ही खबरदारी आवश्यकच समजावी. वाळलेले सराटे आणि बाभळीचे काटे यांचाही हाच हंगाम, म्हणून पंक्चर काढणाऱ्यांची या दिवसांत चलती असते. टायर दगडासारखा टणक भरून सायकल उन्हात उभी करू नये, कारण तापलेल्या ट्यूबमधील हवेचा दाब वाढतो. आणि चेनला वंगण घातल्यावर वरचे तेल फडक्याने पुसावे, नाहीतर धूळ त्यालाच चिकटून चेन झिजते.

इंग्रजी अमदानीत नशिराबाद हे काही काळ तालुक्याचे नाव होते. पुढे १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पूर्व खानदेशाच्या कचेऱ्या जळगावास आल्या आणि रोजच्या येण्याजाण्याचा ओघही तिकडेच वळला. आज या चौपदरी महामार्गावरून अवजड वाहने ज्या वेगाने जातात, तो पाहता सायकलीसाठी निराळी पट्टी आणि तिच्या कडेला कडुनिंबाची सावली असावी, ही मागणी मला वाजवी वाटते. उन्हाळा जवळ आला की शाळा सकाळच्या करण्याचे हुकूम सुटतात, कारण मुलांना दुपारच्या उन्हात घरी पाठवणे कोणालाच पटत नाही. मग त्याच रस्त्याने, त्याच उन्हात परतणाऱ्या कारखान्यातील कामगारांच्या आणि दुकानांतील नोकरांच्या कामाच्या वेळाही, तापमान ४० अंशांवर जाण्यापूर्वी, म्हणजे फाल्गुनातच बदलाव्यात.