जबलपूरचे शिकते हात

जबलपूर म्हटलं की भेडाघाटचे संगमरवरी कडे आठवतात, धुवाँधार धबधबा आठवतो, फार तर नर्मदेतली नावेची सफर. पण या शहराचं खरं वैभव वर्कशॉपमध्ये आहे. इथे हातांना काम शिकवण्याची सरकारी खटपट १८३७ पासून चालली आहे. पहिली तुकडी कोणाची होती? चक्क ठगांची!

फाशी टळली, पुढे काय?

ठग म्हणजे वाटसरूंना गळा आवळून मारणाऱ्या आणि लुटणाऱ्या टोळ्यांतली माणसं. १८३५ साली त्यांचा बंदोबस्त करणाऱ्या ठगी खात्याचं मुख्यालय जबलपुरात आलं आणि त्याची सूत्रं विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याकडे गेली. त्याची पद्धत सरळ होती. पकडलेला ठग साथीदारांची नावं सांगायला तयार झाला की त्याची फाशी टळायची. सुटका मात्र कधीच व्हायची नाही. असे माफीचे साक्षीदार वाढत गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांची बायकापोरंही. बाहेर सोडावं तर पुन्हा जुन्याच वाटेला लागतील ही धास्ती, आणि नुसतं बसवून खायला घालावं तर मुलांचं काय होणार हा प्रश्न.

त्यातून १८३७ मध्ये ‘स्कूल ऑफ इंडस्ट्री’ निघाली. कारभार कॅप्टन चार्ल्स ब्राउनकडे होता. आधी विटा पाडणं आणि बांधकाम, मग विणकाम, गालिचे आणि तंबू असे धडे सुरू झाले. इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टर गावाच्या नावानं ओळखले जाणारे गालिचे इथे, नर्मदेच्या खोऱ्यात, विणले जाऊ लागले. जबलपूरच्या तंबूंनीही नाव कमावलं. आजचा गुरंदी बाजार त्याच वस्तीच्या जागी उभा आहे, असं जुने जबलपूरकर सांगतात.

आता जरा सनावळी लावून बघा. रुडकीचं इंजिनिअरिंग कॉलेज १८४७ चं. पुण्याचा इंजिनिअरिंग वर्ग १८५४ चा. मुंबईची व्हीजेटीआय १८८७ ची. ठगांची शाळा या सगळ्यांच्या आधीची! रुडकी-पुण्याला इंजिनिअर आणि ओव्हरसिअर घडत होते, इथे पहाऱ्यात राहणारे कारागीर, हा फरक मोठा आहे. तरीही ‘हाताला हुन्नर द्या म्हणजे माणूस उभा राहतो’ ही गोष्ट एका सरकारनं इतक्या लवकर करून बघितली, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

एक गोष्ट मात्र टोचते. गुन्हा बापाचा आणि पहारा पोरांवरही. ज्या मुलानं कधी कोणाच्या केसालाही धक्का लावला नाही, त्यानंही त्याच वस्तीत वाढायचं आणि तिथेच माग चालवायचा. शाळा म्हणताना ही बाजू विसरून चालणार नाही.

राणीचा गालिचा कोणी विणला?

विंडसर किल्ल्यातल्या वॉटर्लू दालनात एक अवाढव्य अखंड गालिचा आहे. १९९२ साली किल्ल्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून हलवायला पन्नास सैनिक लागले होते! हा गालिचा जबलपूरच्या ठगांनी विणून व्हिक्टोरिया राणीला पाठवला, अशी कथा पुस्तकांतून आणि गप्पांतून फिरत असते. गोष्ट झकास आहे, पण राजघराण्याच्या संग्रहातली नोंद वेगळं सांगते. राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवासाठी तो आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणला. तेव्हा हे श्रेय आग्र्याला द्यायला हवं. जबलपूरच्या पदरात त्याशिवायही पुष्कळ आहे.



   

आपलं जबलपूर

मराठी वाचकाला जबलपूर परकं वाटायचं कारण नाही. १७९८ पासून १८१७ पर्यंत ते नागपूरकर भोसल्यांकडे होतं. नंतर मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या नकाशात नागपूर, अमरावती आणि जबलपूर एकाच सरकारखाली नांदले, आणि १९५६ पर्यंत जबलपूरची राजधानी नागपूरच होती. प्रांताच्या तांत्रिक शिक्षणाची वाटणीही या दोन शहरांत झालेली दिसते. नागपुरात १९१४ साली इंजिनिअरिंग स्कूल निघालं, तेच आजचं शासकीय तंत्रनिकेतन. जबलपुरात सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं ते ७ जुलै १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याला जेमतेम सव्वा महिना उरला असताना. जागा मिळाली रॉबर्टसन कॉलेजची.

हुन्नर शिकवणारी शाळा काय करू शकते याचा एक दाखला बडोद्याचा. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केलं. तिथे फोटोग्राफी शिकून गेलेल्या एका मुलानं पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. तो मुलगा म्हणजे दादासाहेब फाळके!

गाडीचं नाव जोंगा

शिकलेले हात जबलपुरात रिकामे राहत नाहीत. १९०४ मध्ये इथे गन कॅरिज फॅक्टरी सुरू झाली, म्हणजे तोफांचे गाडे बनवण्याचा कारखाना. जर्मनीच्या मान कंपनीच्या सहकार्यानं बनवलेला शक्तिमान ट्रक १९५९ मध्ये याच कारखान्यातून बाहेर पडला. दहा वर्षांनी वेगळी व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. लष्कराची ती दणकट जोंगा आठवते? निसानची मूळ गाडी, पण नाव अस्सल जबलपुरी. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरिज असेंब्ली’ यातली अक्षरं जुळवून ते तयार झालं. आणि एप्रिल २०१९ मध्ये लष्कराच्या हवाली झालेल्या पहिल्या सहा ‘धनुष’ तोफा? त्याही गन कॅरिज फॅक्टरीतल्याच.

सगळ्यांची सुरुवात कानशीपासून

तोफ असो की ट्रक, फिटर व्हायचं म्हणजे पहिला धडा एकच. समोर व्हाइस, त्यात आवळलेला मऊ पोलादाचा ओबडधोबड तुकडा आणि हातात कानस. कानस पुढे नेताना दाब द्यायचा, मागे आणताना सोडायचा. मनगट जरा हललं की पृष्ठभाग मधे फुगतो आणि कडा उतरतात. थोडं घासून झालं की तुकड्याला गुण्या लावायचा आणि उजेडासमोर धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसली की जॉब चुकला. मग उंचवटा शोधायचा आणि पुन्हा घासायचं. तळहाताला फोड येतात, दिवस जातात, पण एक दिवस ती रेघ नाहीशी होते. मिलिमीटरच्या अंशाची जाण वहीतून येत नाही, ती अशी बोटांत उतरते. लेथ आणि संगणकावर चालणारी यंत्रं नंतर येतात. मी कोणत्याही वर्कशॉपमध्ये गेले की आधी व्हाइसजवळ उभ्या असलेल्या मुलामुलींचे हात बघते. चेहऱ्यांपेक्षा ते जास्त बोलतात.

दहावीनंतर तीन वर्षं

आज जबलपुरात हा वसा शासकीय कलानिकेतन पॉलिटेक्निक चालवतं. सरकारी पॉलिटेक्निकचं गणित सोपं आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, फी खासगी कॉलेजांच्या मानानं थोडी, आणि पुढे शिकायचं असेल तर इंजिनिअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. ज्या घरात चार-पाच वर्षांचा खर्च पेलणं अवघड आहे, तिथली मुलगी एकोणिसाव्या वर्षी ज्युनिअर इंजिनिअरच्या नोकरीसाठी अर्ज करू शकते. तरीही आपल्याकडे लग्नाच्या बोलण्यांत ‘डिप्लोमाच केलाय का?’ हा प्रश्न अजून विचारला जातो. त्यातला तो ‘च’ मला मुळीच मान्य नाही. पूल, सबस्टेशन, पाण्याच्या टाक्या आणि रेल्वेचे रूळ रोज प्रत्यक्ष तपासणारी माणसं बहुतेक डिप्लोमावालीच असतात.

पुढच्या सुट्टीत भेडाघाटला जाणार असाल आणि घरात नववी-दहावीचं लेकरू असेल, तर जबलपूर शहरासाठी एक दिवस जास्त ठेवा. पॉलिटेक्निकच्या कार्यालयात रीतसर विचारा आणि परवानगी मिळाली, तर लेकराला वर्कशॉप दाखवून आणा.