कमिटच्या अलीकडे

बिगिन लिहून एन्टर दाबलं की पोस्टग्रेसच्या प्रॉम्प्टमध्ये एक चांदणी उमटते. व्यवहार उघडा आहे, एवढंच ती सांगते. नव्या मुलांना शिकवताना मी आधी ही चांदणी बघायची सवय लावतो.

मग पडद्यावर शेजारी दुसरी खिडकी, त्याच डेटाबेसला वेगळं कनेक्शन. सरावाच्या टेबलमध्ये दोन खाती. डावीकडे एका खात्यातून 500 रुपये वजा करायचे. उत्तर येतं, अपडेट 1. आता दोन्हीकडे तीच सिलेक्ट चालवली तर डावीकडे नवी शिल्लक दिसते, उजवीकडे जुनी. थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी 1983 साली व्यवहाराच्या चार गुणांना मिळून ‘अ‍ॅसिड’ म्हटलं. त्यांतला अलगपणा असा समोर मांडून दाखवता येतो. उजवीकडून तीच ओळ बदलायला जावं, तर कर्सर नुसता लुकलुकत राहतो. ओळीला कुलूप आहे. वाचणाऱ्याची वाट अडत नाही, लिहिणाऱ्याची अडते. डावीकडे दुसऱ्या खात्यात 500 जमा करून कमिट दिलं, की उजवीकडचं अडलेलं अपडेट तत्क्षणी सुटतं. एकीकडून पैसे गेले आणि दुसरीकडे पोचलेच नाहीत, ही मधली अवस्था बाहेरच्या कुणालाही दिसलेली नसते.

माझ्या मते खरं कसब कमिट देण्याआधी अपडेटच्या उत्तरातला तो आकडा वाचण्यात आहे. एक ओळ बदलायची होती आणि व्हेअर राहून गेल्यामुळे अख्ख्या टेबलचा आकडा आला, तर तिथेच रोलबॅक.

पोस्टग्रेसमध्ये तो चुटकीसरशी होतो. ओळींच्या जुन्या आवृत्त्या जागेवरच असतात; व्यवहार रद्द झाल्याची नोंद केली की पुरे. नव्या, निकामी ओळी नंतर व्हॅक्यूम साफ करतं. ओरॅकल किंवा मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये मात्र बदललेल्या ओळी पुन्हा पूर्ववत लिहाव्या लागतात. तासभर चाललेलं अपडेट मधेच थांबवलं, तर ते उलटायलाही बराच वेळ जातो. शिवाय तिथे व्यवहार चालू असताना क्रिएट टेबल दिलं, की आधीचं सगळं न विचारता कमिट होतं. पोस्टग्रेसमध्ये टेबलही रोलबॅकने मागे घेता येतं, आणि मला ही त्याची फार मोठी सोय वाटते.

सीक्वेन्समधून घेतलेला क्रमांक मात्र रोलबॅकने परत येत नाही. 41 नंतर एक व्यवहार रद्द झाला, तर पुढची नोंद 43 होते. जीएसटीच्या नियमांना बिलांचे क्रमांक सलग लागतात, म्हणून बिलाचा क्रमांक सीक्वेन्सवर सोडू नये.

मधेच एखादी आज्ञा चुकली, तर चांदणीच्या जागी उद्गारचिन्ह येतं. त्यानंतरची प्रत्येक क्वेरी पोस्टग्रेस नाकारतं. तशात कमिट दिलं, तरी उत्तर येतं: रोलबॅक.